निळूभाऊंची नक्कल आणि आपली पळवाट

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला जावे. नकलांचा कार्यक्रम सुरू झाला की दुसरी किंवा तिसरी नक्कल निळू फुले यांची असणार, हे ठरलेले. पोरगा मान किंचित तिरकी करतो, आवाज घशात दाबून खरखरीत करतो, धोतराचा सोगा धरल्यासारखा हात करतो आणि कुणा बाईला वाड्यावर बोलावतो. मंडप हसतो. पहिल्या रांगेत बसलेले आम्ही प्राध्यापकही हसतो. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. त्यांचा एकही चित्रपट पूर्ण न पाहिलेली पिढी आता ही नक्कल करते, ती चित्रपटावरून नव्हे, तर आधीच्या नकलेवरून. आमचा आक्षेप या हसण्याला आहे, आणि तो प्रथम स्वतःवरच आहे.

आक्षेप सोवळेपणातून आलेला नाही. नक्कल ही आपल्या लोककलेतली अस्सल गोष्ट आहे. निळूभाऊ स्वतः त्याच मुशीतले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले. पण तमाशातला सोंगाड्या राजाची, पाटलाची नक्कल करतो ती सत्तेचे हसे व्हावे म्हणून. आमच्या संमेलनातली नक्कल नेमकी उलटी आहे. तिच्यात पाटलाचे हसे होत नाही. तो टाळ्या घेऊन जातो. हसे होते ते त्या बाईचे, जी रंगमंचावर नसतेच. तिला नाव नाही, घर नाही, नकार नाही. मंडपात बसलेल्या मुलींनी त्या क्षणी कुठे पाहावे, हे आपण कधी विचारले आहे काय?

यावर उत्तर तयार असते : ‘पण त्यांनी तशाच भूमिका केल्या ना!’ अर्धे खरे आहे. अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधल्या झेलेअण्णाने ते पडद्यावर स्थिरावले आणि पुढे तमाशापटांच्या लाटेत तोच सरपंच, तोच पाटील, तोच सावकार त्यांच्या वाट्याला पुन्हापुन्हा आला. त्यांतले पुष्कळ चित्रपट सुमार आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु नटाची उंची त्याच्या सुमार कामांच्या सरासरीने मोजायची नसते. ती मोजायला ‘सामना’ पाहावा लागतो.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारी साखर कारखानदारीतला बडा माणूस. वाड्यावर बाई बोलावणारा खलपुरुष एवढीच त्याची ओळख असती, तर काम सोपे होते. निळूभाऊंचा हिंदुराव पाहुण्याची सरबराई करतो. वाट चुकलेल्या, दारूत बुडालेल्या मास्तरला तो आसरा देतो आणि त्याच्या सहवासात रमतोही. आपण गावाचे भले केले, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, एवढे मास्तर विचारू लागतो आणि या सगळ्या भलेपणाखालची जमीन हलते. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर जितका अविस्मरणीय, तितकाच हा हिंदुरावही. कारण निळूभाऊंनी त्याला राक्षस केले नाही. आपल्याला तो आवडू लागतो, आणि आवडू लागतो म्हणूनच भीती वाटते.

सत्ता अशीच असते. ती डोळे वटारून येत नाही. विचारपूस करीत येते. लग्नाला आहेर करते, पोराला नोकरी लावते, आजाऱ्याला गाडी पाठवते, आणि मग एखादा मारुती कांबळे नाहीसा झाला की गाव विचारीत नाही. हे मराठवाड्याला समजावून सांगावे लागू नये. कंधार-मुखेडकडून, बीडकडून माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर जातात. म्हणजे हिंदुरावाची गोष्ट आपण फडाच्या बाजूने जगलो आहोत. आपल्याकडेही कारखाने आले, पाण्याच्या दुष्काळातही ऊस वाढला आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्यामागची कारणे अनेक होती. पण पाणी कुणी वापरले, हा प्रश्न मास्तरच्या प्रश्नासारखा सतत विचारणारे आपल्यात किती निघाले? ज्या नटाने हा प्रश्न ज्याला विचारायचा त्याचा चेहरा दाखवला, त्याला आपण लंपटपणाच्या विनोदात कोंडून टाकले. सोय झाली. खलत्व एकदा बाईच्या मागे लागण्यापुरते ठरले, की कारखाना, संस्था, बँक, पाणी सगळे निर्दोष सुटते. आणि बाईवरचा अन्यायही विनोद होऊन सुटतो.

दुसरी पळवाट सभ्य आहे. ती श्रद्धांजलीच्या लेखांत सापडते : पडद्यावर दुष्ट, पण माणूस देवमाणूस. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते उभे राहिले, डॉ. लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटले. हे सारे खरे आणि आदरणीय. खोटा आहे तो मधला ‘पण’. सेवा दलातून आलेला कार्यकर्ता आणि हिंदुराव साकारणारा नट ही दोन माणसे नव्हेत. सत्ता कशी चालते हे चळवळीत राहून पाहिले होते म्हणूनच ती अंगावर एवढी चोख चढली. कमलाकर सारंगांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मध्ये त्यांनी साकारलेला सखाराम घ्या. ज्या नाटकासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले, त्यात नैतिकतेचे सारे ढोंग झुगारणारा आणि तरी बाईवर मालकी गाजवणारा पुरुष त्यांनी उभा केला. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये तर ते दुसऱ्या टोकाला गेले : सत्तेचा सारा खेळ जवळून पाहणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस. नकलाकारांच्या यादीत दिगू का नाही? कारण दिगूची नक्कल केली, तर हसणाऱ्याला स्वतःकडे पाहावे लागेल.

हे भाग्य केवळ आपल्याच नटाच्या वाट्याला आले असे नाही. हॉलिवूडच्या एडवर्ड जी. रॉबिन्सनने ‘लिट्ल सीझर’ (१९३१) मध्ये गुंड रंगवला आणि जन्मभर त्या गुंडाच्या आवाजाच्या नकला होत राहिल्या. चित्रांचा जाणकार संग्राहक असलेल्या या नटाने ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मध्ये विमा कंपनीतला चाणाक्ष, सहृदय तपासनीस उभा केला होता. ऑस्करवाल्यांनी त्याला मानाचा पुरस्कार दिला तो १९७३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. नक्कल सर्वत्र सोपी आणि पाहणे सर्वत्र अवघड.

आम्ही मराठीचे शिक्षक तेंडुलकर शिकवतो, संहिता शिकवतो, संघर्ष आणि व्यक्तिरेखा यांवर टिपा काढून देतो. संहितेला देह देणारा नट मात्र आमच्या लेखी वाङ्मयाबाहेरचा. त्याला आम्ही स्नेहसंमेलनाच्या हवाली केले आहे. पुढच्या संमेलनात नक्कल बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. बंदी हा हिंदुरावांचा मार्ग. नकलेच्या आदल्या दिवशी त्याच मंडपात ‘सामना’ दाखवा, एवढेच म्हणणे आहे. मग ज्याला हसायचे त्याने हसावे. आपण कुणाला हसतो आहोत, हे तरी त्याला माहीत असेल.