गिऱ्हाईक मोजा, पण त्याच्यावर पाळत नको

डहाणू-तलासरीचा माणूस आता आपला माल आपणच विकू पाहतो आहे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावर. डहाणू-घोलवडच्या चिकूला ते २०१६ साली मिळाले. दलाल टाळायचा तर स्वतःची वेबसाईट हवी. ती किती जण पाहतात, काय पाहून परत जातात, हेही कळले पाहिजे. त्याशिवाय धंदा कसा होणार?

पण वेबसाईट बनवून देणारा बहुधा गुगलचे फुकटचे मोजणीयंत्र बसवून मोकळा होतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. फुकटाची किंमत येथे गिऱ्हाईक मोजतो. कुकी त्याला एक ओळख क्रमांक चिकटवते आणि त्याने काय पाहिले याची नोंद परक्या कंपनीकडे जाते. ज्या देशात आडनाव आणि वस्तीवरून जात हुडकली जाते, तेथे अशी नोंद निरुपद्रवी मानणे हा भोळेपणा आहे.

वकील म्हणून आम्हांला कायदाही सांगितला पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मुक्त आणि माहितीपूर्ण असावी असे सांगितले. तिची सूचना मराठीतून वाचण्याची सोयही द्यावी लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. धंद्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तयारीची वेळ हीच आहे.

मार्ग अवघड नाही. मॅटोमो ही मुक्त प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. तिच्यात कुकी बंद ठेवावी, आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे पुसावेत, जुन्या नोंदी ठरल्या मुदतीत नष्ट कराव्यात. आपल्या घरच्या आणि यंत्रांच्या भेटी वगळाव्यात, नाहीतर आकडा फुगतो. महिनाअखेर तो आकडा ऑर्डरच्या वहीशी ताडून पाहावा. भेटी पुष्कळ आणि ऑर्डर नाही, तर खोट दरात आहे, फोटोत की पैसे भरण्याच्या पानावर, हे तेथेच सापडते. त्यासाठी गिऱ्हाइकाचे नाव-गाव लागत नाही.

सावकाराच्या वहीत आपल्या बापजाद्यांची कुंडली होती आणि वही वाचण्याची मुभा त्यांना नव्हती. आज वही आपल्या हाती आली आहे. तिच्यात गरजेपुरतेच लिहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.