दुरून डोंगर साजरे

परवा बंगळूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, प्लॅनेट लॅब्जचे शेअर घ्यावेत म्हणतो. तिचे उपग्रह आपल्याच श्रीहरिकोट्याहून गेलेत!" हल्ली मोबाइलवरून अमेरिकेतले शेअरही घेता येतात. पण हा पठ्ठ्या घरासाठी साठवलेली रक्कम घालायला निघाला होता!

त्याचे म्हणणे खरे आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच झेपेत १०४ उपग्रह सोडले. त्यांतले ८८ या कंपनीचे. एकेकाचे वजन जेमतेम पाच किलो. कंपनीचे उपग्रह जवळजवळ सगळ्या जमिनीचे रोज फोटो काढतात. पीक, पूर, जंगलतोड, सारे दिसते.

विज्ञान पटले, पण धंद्याचे काय? डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आली, तेव्हा व्यवहार दहा डॉलरच्या भावाने ठरला होता. २०२४ मध्ये तोच शेअर दोन डॉलरच्या खाली घसरला. त्याच वर्षी सुमारे १८० जणांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी लहान गुंतवणूकदाराने विचारायलाच हवे, की बाबांनो, उपग्रह वर गेले, पैसा खाली कधी येणार?

आकडेच पाहा. जानेवारी २०२२ अखेरच्या वर्षात उत्पन्न सुमारे १३.१ कोटी डॉलर आणि तोटा १३.७ कोटी. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात उत्पन्न २४.४ कोटी झाले, तरी तोटा १२.३ कोटी! त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत कंपनीने प्रथमच नफा दाखवला, पण तो 'समायोजित'. म्हणजे व्याज, कर, घसारा, नोकरांना दिलेले शेअर असे खर्च बाजूला ठेवून.

पुढे २०२५ मध्येच भाव पुन्हा दहा डॉलरच्या वर गेला. भाव चढला की प्रश्न विचारणारे गप्प होतात. माझ्या मते चूक तिथेच होते. प्रश्न तेच राहतात. फोटो विकत कोण घेतो, सरकार आणि संरक्षण खाते, की शेती आणि विमा कंपन्याही? करार संपल्यावर गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरते का? हे छोटे उपग्रह थोड्याच वर्षांत निकामी होतात, मग नव्यांचा खर्च कुठून? त्यासाठी नवे शेअर काढले, तर माझा वाटा किती उरतो?

ताईच्या सासूबाई धारवाडच्या. त्या नेहमी म्हणतात, "दूरद बेट्ट कण्णिगे नुण्णगे." आपले 'दुरून डोंगर साजरे' तेच. उपग्रहाला दुरूनही खाचखळगे दिसतात. आपल्याला मात्र ताळेबंद डोळ्यांजवळ धरावा लागतो.

भाच्याने घराची रक्कम तूर्त बँकेतच ठेवली आहे. येत्या रविवारी कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन तो बेळगावला येतोय. आम्ही दोघे मिळून वाचणार आहोत.