छंदाच्या रकान्यात काय लिहिलंत?

डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात नजर टाका. कुणी मटार सोलतेय, कुणी मोबाईलवर कँडी क्रश नाहीतर लुडो खेळतेय. (त्यातला लुडो किंग तर २०१६ साली आपल्या शेजारच्या नवी मुंबईतल्याच कंपनीनं काढलेला!) पण आमच्या मंडळाच्या माहितीपत्रकासाठी 'छंद' विचारला, तेव्हा एकीनंही हे लिहिलं नाही. वाचन, गायन, पाककला... मी 'विणकाम' लिहिलं. सुया माळ्यावर कधीपासून पडल्यात, देव जाणे.

आणि मुलाला मात्र "गेम खेळणारे वाया जातात" म्हणायचं! परवा त्यानं विचारलंच, "आई, तुझी लेव्हल कितवी?" मी मुकाट्यानं भाजी परतायला गेले.

खरं तर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सना क्रीडा खात्याखाली मान्यताही दिली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निराळे. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली, ते बरंच झालं. धास्ती घ्यायची तर त्यांची घ्यावी. घरातल्या बँकखात्यावर लक्ष ठेवावं.

दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन 'विणकाम' खोडलं. सेक्रेटरीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "व्हिडिओ गेम? असंच छापायचं?"

छापा म्हटलं.