मानवी जीवशास्त्राची पदवी व्यर्थ नव्हे

संपादक महाशय,

वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश बारावीनंतरच्या ‘नीट’ परीक्षेवर ठरत असल्यामुळे मानवी जीवशास्त्राच्या पदवीत तीन वर्षे घालविणे व्यर्थ होय, असे आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी प्रतिपादिले आहे. प्रवेशाचा नियम त्यांनी यथार्थ सांगितला. परंतु आरोग्यसेवा म्हणजे केवळ डॉक्टरकी, हे त्यांचे गृहीतक आमच्या बालाघाट-गोंदिया मुलुखात तरी टिकत नाही.

या टापूत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. आईबाप दोघेही वाहक असले म्हणजे प्रत्येक गर्भाच्या वेळी रोगाचा संभव नव्याने २५ टक्के असतो. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निर्धास्त, असा जो घातक समज होऊ शकतो, तो विवाहापूर्वीच, लोकांच्या बोलीत आणि सबुरीने दूर करणारा मनुष्य शरीरक्रिया, आनुवंशिकता व संभाव्यता जाणणारा हवा. १ जुलै २०२३ रोजी आमच्याच प्रांतातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले; तपासणीचा कागद हाती आला तरी त्याचा अर्थ उलगडणारा कोण?

ही पदवी एकटीच रोजगाराची सनद नव्हे, हे मान्य. म्हणूनच विद्यापीठांनी तिच्यात प्रयोगशाळेचे व समुपदेशनाचे प्रत्यक्ष शिक्षण अनिवार्य करावे, आणि पालकांनी ‘नीट’ हुकलेल्या मुलांना या विद्येपासून परावृत्त करू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, रामपायली (जि. बालाघाट)