तंबू एकट्याचा की दोघांचा?

लोणारला मुक्कामी जाणारी मुले विचारतात, "सर, तंबू एकट्याचा घ्यावा की दोघांचा?" (मुक्काम गावाजवळच करावा, विवर हे अभयारण्य आहे.)

हिशेब करू. दोन बाजूंनी उतरता तंबू 2 मीटर लांब, 1 मीटर उंच धरा. रुंदी 1 मीटर असेल तर तळासकट सुमारे साडेसात चौरस मीटर कापड लागते. दीड मीटर असेल तर साडेनऊ. पायथागोरसच्या सिद्धांताने पडताळून पाहा. दुप्पट नव्हे, सव्वापटीहून थोडे अधिक! ओझे वाटून घेतले तर प्रत्येकी पावणेपाचच. म्हणून माझे मत दोघांच्या तंबूला. एकटे गेलात तर थोडे जास्त वाहावे लागेल, एवढेच.

मात्र वजन वाचवायला एकपदरी तंबू घेऊ नका. मी ती चूक केली आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून हवेपेक्षाही थंड होते. श्वासातील बाष्प त्यावर साचते, आणि पहाटे पांघरूण ओले! दुपदरी तंबूत हे पाणी बहुतेक बाहेरच्या पदरावरच राहते. तरीही झडप थोडी उघडी ठेवा. विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणा आणि डिसेंबरात एक रात्र शाळेच्या मैदानावर झोपून पाहा.