चाळिशीनंतर पुन्हा गिटार: बोटं आणि मेंदू साथ देतात का?

कॉलेजात असताना हौसेने गिटार घेतली. चार गाणी जमली. मग नोकरी, लग्न, मुलं आणि गिटार कपाटावर. जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या घरात अशी गिटार आजही धूळ खात पडलेली असेल. मुलं मोठी झाली की ती खाली काढावीशी वाटते आणि लगेच दुसरा विचार येतो, 'आता या वयात?'

या प्रश्नाचं उत्तर काय? समजून घेऊया.

वय आड येतं का?

थोडं येतं. १९९५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या वादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक जास्त होता.

पण उशिरा शिकणाऱ्यांचा मेंदू थंडच पडतो, असंही नाही. ६० ते ८५ वर्षांच्या ३१ जणांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना सहा महिने पियानो शिकवला गेला. एकाग्रता आणि विचारांचा वेग तपासणाऱ्या काही चाचण्यांमध्ये त्यांची कामगिरी सुधारली. अभ्यास छोटा होता, त्यामुळे 'गिटार वाजवा, विसरभोळेपणा पळवा' असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी तर चाळिशीच्या उंबरठ्यावर शून्यातून गिटार शिकायला घेतली. त्या अनुभवावरचं त्यांचं 'गिटार झीरो' हे पुस्तक २०१२ मध्ये आलं.

पुन्हा शिकणाऱ्याला फायदा असतो?

हो. एकदा शिकून विसरलेली गोष्ट पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो, हे हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. त्यांचे प्रयोग मुख्यतः निरर्थक अक्षरसमूहांच्या पाठांतराचे होते. हातांच्या सवयीचा अनुभव मात्र सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला आहे. जी, सी, डी या कॉर्ड बोटांना आठवतात. बोटांच्या टोकांवरचे घट्टे मात्र गेलेले असतात. ते पुन्हा पडेपर्यंत काही आठवडे बोटं दुखतात, आणि वाद्य पुन्हा कपाटावर जाण्याचा धोका याच टप्प्यात जास्त असतो. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज १५ मिनिटं वाजवणं म्हणूनच बरं. बोटांच्या टोकांचं दुखणं साहजिक आहे, पण मनगट दुखलं किंवा हात बधिर झाला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

मग अडतं कुठे?

महाराष्ट्रात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे मुलांच्या शिकण्याला घरातून पाठबळ मिळतं. दहावी झाली की हे कारण संपतं. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, म्हणजे ऐकणाऱ्या प्रौढांसाठी खुर्ची आहे. शिकू पाहणाऱ्या प्रौढाला मात्र वेळ, पैसा आणि 'लोक काय म्हणतील' याचं उत्तर एकट्याने शोधावं लागतं. क्लासमध्ये शेजारी सातवीतला मुलगा बसलेला असेल, तर संकोच आणखी वाढतो.

परीक्षेचा रस्ता मात्र वयामुळे बंद होत नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या गिटारच्या ग्रेड परीक्षांना वयाची अट नाही. आधीची ग्रेड न देता थेट पुढची देता येते. २०२० पासून व्हिडिओ रेकॉर्ड करून परीक्षा देण्याचीही सोय आहे. म्हणजे धुळ्यात घरी बसूनही ती देता येते. अर्थात, परीक्षा द्यायलाच हवी असं काही नाही.

जुनी गिटार चालेल?

आधी तारा बदला. गंजलेल्या तारा बोटांना जास्त त्रास देतात आणि सुरात राहत नाहीत. तारा फळीपासून फार उंच गेल्या असतील, तर दुरुस्ती करणाऱ्याकडून खाली घ्या. नाहीतर दोष गिटारचा असतो आणि माणूस म्हणतो, 'माझीच बोटं आता वळत नाहीत.'

खान्देशच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. अकूस्टिक गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी लाकूड आकसतं, तडाही जाऊ शकतो. कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवली तर ते फुगतं. म्हणून वाजवून झालं की गिटार केसमध्ये ठेवा आणि केस उन्हापासून, कूलरपासून लांब ठेवा.

सुरुवात कशाने करावी?

कानात आधीच बसलेल्या चालीने. आखाजीला झोक्यावर म्हटलेलं किंवा कानबाईच्या उत्सवात ऐकलेलं अहिराणी गाणं घ्या. त्याची चाल एकाच तारेवर शोधा. सूर चुकला तर कान लगेच सांगेल, कारण ते गाणं त्याने लहानपणापासून ऐकलेलं आहे. सातवीतल्या मुलापेक्षा तुम्ही इथे काही वर्षं पुढे आहात.