सामाईक वही आणि तिचे नियम

शाळेचा निकाल लागला कीं आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील किती तरी पालकांस दाखल्यांसाठीं तहसील कचेरीची वाट धरावी लागते. दाखला हातीं आला म्हणजे काम संपलें असें नाहीं. तो खरा आहे हें दुसऱ्या कचेरीस पटावें लागतें, आणि तेवढ्यांत प्रवेशाची किंवा शिष्यवृत्तीची मुदत टळून जाण्याचें भय असतें. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत, एटापल्ली येथें, २०२२ सालीं यावर एक नवा उपाय योजण्यांत आला. सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नामक ब्लॉकचेनशीं जोडून देण्याचा तो उपक्रम होता. दाखल्याची सत्यता कोणासही ताबडतोब पडताळतां यावी, हा त्यामागील हेतु.

ब्लॉकचेन म्हणजे एक सामाईक वही होय. तिची प्रत एका कचेरींत कुलुपबंद नसून जगभरच्या हजारों संगणकांवर असते. प्रत्येक पानावर मागील पानाचा गणिती ठसा असतो. मागील पानांतील एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं व लबाडी उघड होते. नवें पान केव्हां व कोणीं लिहावें, तें किती मोठें असावें, शुल्क किती पडावें, हें ठरविणारे जे मूळ नियम त्यांस प्रोटोकॉल म्हणतात. आमच्या मतें वहीचा सारा भरंवसा या नियमांवर आहे. आणि नियम वेळोवेळीं बदलले जातात. तेव्हां ते कसे बदलावे, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. ज्याच्या मुलाचा दाखला त्या वहीशीं बांधला गेला आहे, त्या पालकाचाही तो आहे.

या बाबतींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, वही जलद व स्वस्त झाली पाहिजे. हें म्हणणें खोटें नव्हे. इथीरियम या मोठ्या जाळ्यावर २०२१ सालीं नोंदीचें शुल्क इतकें भारी झालें होतें कीं गरिबाच्या कामास तें परवडणारें नव्हतें. आणि मुंबईंत २०१७ सालीं मॅटिक या नांवानें निघालेलें पॉलिगॉन पुढें आलें तें अशाच अडचणींतून. दुसरा पक्ष म्हणतो, पानें फार मोठीं केलीं तर वही ठेवण्यास मोठीं यंत्रें लागतील, आणि मग ती मूठभर धनिकांच्याच घरीं राहील. बिटकॉइनच्या पानाचा आकार वाढवावा कीं नाहीं, यावरून १ ऑगस्ट २०१७ रोजीं त्या जाळ्याचे दोन तुकडे झाले, हें प्रसिद्धच आहे.

आमचा कौल दुसऱ्या पक्षाकडे आहे, आणि त्याचें कारण आमच्या वाचकांस आपल्या गांवच्या तलावावरून सहज समजेल. कोहळी समाजानें बांधलेल्या तलावांवर या भागांतील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या पोसली. पाळ कोठें खचली, पाणी कोणाच्या बांधींत अधिक गेलें, हें गांवचा प्रत्येक शेतकरी स्वतः जाऊन पाहूं शकत असे. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, गांवाची ती नजर हळूहळू सुटली, आणि पुष्कळ तलावांत गाळ सांचत गेला. सामाईक वस्तु टिकते ती अनेकांच्या पहाऱ्यानें. म्हणून ज्या सुधारणेनंतर साध्या माणसाला आपल्या साध्या संगणकावर वही तपासतां येणार नाहीं, तिला सुधारणा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

असें असतां वही जुन्याच रूपांत ठेवावी, असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. पहारा न सोडतां सुधारणा करतां येते, हें इथीरियमनेंच दाखविलें आहे. पूर्वीं तेथें पान लिहिण्याचा मान मिळविण्यासाठीं यंत्रें रात्रंदिवस आंकडे चाचपडत व अफाट वीज जाळीत. त्याऐवजीं ३२ इथरची ठेव ठेवणाऱ्यांनीं पानें लिहावीं, आणि लबाडी केल्यास ठेव गमवावी, अशी नवी रीत ठरली. ही रीत १ डिसेंबर २०२० पासून एका निराळ्या वहींत चालवून पाहिली, आणि जवळजवळ दोन वर्षांनीं, १५ सप्टेंबर २०२२ रोजीं, ती मूळ वहीस जोडली. विजेचा खर्च शेंकडा ९९ हून अधिक घटला. ३२ इथर ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची आहे खरी. परंतु लिहिलेलें तपासण्यास ठेव लागत नाहीं, हें विसरूं नये. पुढें १३ मार्च २०२४ रोजीं उपवह्यांच्या नोंदींसाठीं एक तात्पुरती जागा करण्यांत आली. तेथील मजकूर सुमारे १८ दिवसांनीं काढून टाकतां येतो. त्यामुळें उपवह्यांचें शुल्क पुष्कळ उतरलें, आणि वही राखणाऱ्याच्या डोक्यावर कायमचा बोजाही पडला नाहीं.

घाईचें व बेबनावाचें फळ काय, तेंही पाहावें. मार्च २०२२ मध्येंच एका सुधारणेनंतर पॉलिगॉनचें जाळें कांहीं तास बंद पडलें होतें. २०१६ सालीं चोरीस गेलेलें धन परत करण्याकरितां इथीरियमचे नियम बदलले, तेव्हां ज्यांना तें मान्य नव्हतें त्यांनीं जुनीच वही निराळ्या नांवानें पुढें चालविली.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, प्रत्येक नव्या नियमास तीन प्रश्न विचारावे. सामान्य माणसाची तपासणी शाबूत राहते काय? नियम आधीं उघडपणें व पुरेसा काळ चालवून पाहिला आहे काय? विरोध करणाऱ्याचें म्हणणें ऐकून घेतलें आहे काय? आणि ज्या सरकारी कचेऱ्या नागरिकांचे कागद अशा वहीशीं जोडतील, त्यांनीं आपलें मूळ दप्तर जपावें, व जाळें थांबल्यास किंवा दुभंगल्यास दाखल्याचें काय होईल, हें सोप्या मराठींत जाहीर करावें. कारण वही नोंद राखते, नोंदीचा खरेपणा राखीत नाहीं; खोटा दाखला तिच्यांत गेला तर तोही तितक्याच निष्ठेनें जपला जाईल.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां हे नियम लिहितील, कांहीं जण कचेरींत बसून दाखल्यांवर सही करतील. त्या दिवशीं त्यांनीं एटापल्लीच्या रानांतील एखाद्या मुलाची आठवण ठेवावी. त्याच्या हातांतील कागद खरा आहे हें त्याला स्वतःला, कोणाची मनधरणी न करतां, सिद्ध करतां आलें, तरच ही सुधारणा सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.